पर्ड्यूचा नवा हंगाम आणि खेळाडूंच्या भूमिकांचा वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलमध्ये नवा हंगाम जवळ आला की प्रत्येक विद्यापीठाचे चाहते एकाच विषयावर हमरीतुमरीवर येतात. कोण सुरुवात करणार, कोण बाकावरून येणार आणि चेंडू कोणाच्या हाती राहणार, हा तो विषय. इंडियाना राज्यातील वेस्ट लाफायेट येथील पर्ड्यू विद्यापीठाच्या पुरुष संघाभोवती हा वाद गेली काही वर्षे विशेष रंगतो, म्हणून पुढील उत्तरांत तोच संघ मुख्य उदाहरण म्हणून घेतला आहे. २०२५-२६च्या हंगामापूर्वी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या हंगामपूर्व क्रमवारीत या संघाला इतिहासात प्रथमच पहिले स्थान मिळाले होते, आणि अपेक्षा वाढल्या की वादही वाढतो.

हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, मग वाद एप्रिलपासूनच का पेटतो?

कारण संघ एप्रिलमध्येच मोडतो आणि जोडला जातो. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला बहुधा एक वर्ष मैदानाबाहेर बसावे लागे. २०२१मध्ये एकदा बदलण्याची मोकळीक मिळाली आणि २०२४पासून, अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्याला, कितीही वेळा बदलण्याची. त्यामुळे हंगाम संपता संपता शेकडो खेळाडू बदलीच्या यादीत, म्हणजे ट्रान्सफर पोर्टलमध्ये, नाव टाकतात आणि अनेक संघांचे निम्मे चेहरे दोन महिन्यांत बदलून जातात. जागा रिकामी झाली की ती कोण भरणार हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि उत्तर मिळायला सहा-सात महिने असतात.

पर्ड्यूचे वेगळेपण असे की येथे मुख्य खेळाडू टिकून राहिले. चाली सुरू करणारा पॉइंट गार्ड ब्रेडन स्मिथ आणि नेमबाज फ्लेचर लॉयर २०२२मध्ये आले, रिंगच्या आसपास खेळणारा फॉरवर्ड ट्रे कॉफमन-रेन त्याआधी एक वर्ष, आणि तिघेही अखेरच्या वर्षापर्यंत तेथेच राहिले. तरीही वाद थांबला नाही, कारण त्यांच्या अवतीभोवतीचे खेळाडू बदलत गेले आणि त्याबरोबर या तिघांची कामेही बदलत गेली.

जागा आणि भूमिका यांत फरक काय?

जागा म्हणजे पॉइंट गार्ड, फॉरवर्ड, सेंटर (रिंगसमोरचा उंच खेळाडू) असे नाव. भूमिका म्हणजे त्या खेळाडूकडून प्रत्यक्षात अपेक्षित असलेले काम. एकाच फॉरवर्डला एका वर्षी कोपऱ्यात उभे राहून तीन गुणांचे फटके मारायचे असतात आणि दुसऱ्या वर्षी रिंगच्या पुढ्यात पाठ लावून चेंडू मागायचा असतो. कॉफमन-रेनचेच पाहा. २०२३-२४मध्ये तो सात फूट चार इंच उंचीच्या झॅक ईडीच्या शेजारी खेळत होता आणि त्याची सरासरी सहा गुणांच्या थोडी वर होती. ईडी एनबीएमध्ये गेला, मधली जागा मोकळी झाली आणि पुढच्याच हंगामात तोच खेळाडू सामन्यामागे सरासरी २० गुण काढू लागला. उन्हाळ्यात त्याने मेहनत घेतली असणारच, परंतु एका उन्हाळ्यात कोणी तिपटीने चांगला होत नाही. जी जागा ईडीने व्यापली होती ती त्याला मिळाली, हे खरे कारण आहे. पूर्वमोसमी चर्चेत ‘हा खेळाडू किती चांगला आहे’ असे विचारले जाते, तेव्हा ‘कोणाच्या शेजारी’ हा निम्मा प्रश्न गळालेला असतो.

सुरुवातीच्या पाचांत असणे इतके महत्त्वाचे आहे का?

चाहत्यांना वाटते तितके मुळीच नाही, आणि पर्ड्यूचा अलीकडचा इतिहास त्याचा सर्वांत चांगला पुरावा आहे.

ट्रेव्हियन विल्यम्स हा २०२०-२१च्या हंगामात बिग टेन परिषदेच्या, म्हणजे पर्ड्यू ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते त्याच्या, पहिल्या सर्वोत्तम संघात निवडला गेलेला सेंटर होता. पुढच्या हंगामात प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी ईडीला सुरुवातीला उतरवले आणि विल्यम्सला बाकावरून आणले. एवढ्या नावाजलेल्या खेळाडूचा हा अपमान आहे, असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात ईडी सरासरी १९ मिनिटे खेळला आणि विल्यम्स २०. दोघांनी मिळून सेंटरची ४० मिनिटे जवळजवळ बरोबर वाटून घेतली. ईडी थकला की त्याच्या जागी उत्तम पास देणारा, वेगळ्याच पद्धतीचा सेंटर येई, आणि प्रतिस्पर्ध्याला सामन्याच्या मध्यावर बचावाची रीत बदलावी लागे. विल्यम्सला त्या वर्षी परिषदेचा सर्वोत्तम राखीव खेळाडू म्हणून गौरवण्यात आले.

दोन वर्षांनी हेच फॉरवर्डच्या जागेवर घडले. २०२३-२४मध्ये कॉफमन-रेन सुरुवात करी आणि मेसन गिलिस बाकावरून येई, परंतु सरासरी मिनिटे गिलिसची जास्त भरली. ईडीला दोघांनी घेरले की चेंडू बाहेर येई, आणि तेथे तीन गुणांचा फटका हमखास मारणारा माणूस हवा असे. तो गिलिस होता. सर्वोत्तम राखीव खेळाडूचा मान त्या वर्षी त्यालाच मिळाला. म्हणून सुरुवात कोणी केली यापेक्षा शेवटच्या चार-पाच मिनिटांत कोणते पाच मैदानावर होते, हे पाहावे. प्रशिक्षकाचा खरा विश्वास तेथे दिसतो. सुरुवातीच्या पाचांत पुष्कळदा जुन्या खेळाडूचा मान, नव्याचा आत्मविश्वास आणि प्रतिस्पर्ध्याची उंची असे बाकीचे हिशेबही मिसळलेले असतात.

मिनिटांचा हिशेब नेमका कसा मांडायचा?

पुरुषांचा कॉलेज सामना २० मिनिटांच्या दोन भागांचा, म्हणजे ४० मिनिटांचा असतो. पाच खेळाडू धरले की संघाजवळ २०० मिनिटे असतात, आणि अधिक वेळेत गेलेला सामना सोडला तर त्यात एकाही मिनिटाची भर पडत नाही. चाहत्यांच्या अर्ध्या भाकितांची बेरीज केली तर ती २३०-२४०पर्यंत जाते, कारण प्रत्येक आवडत्या खेळाडूला मिनिटे वाढवून दिलेली असतात आणि कोणाचीही कापलेली नसतात.

२०२५-२६च्या पर्ड्यूसाठी कागदावर असा हिशेब करता येत होता. उंच खेळाडूंच्या दोन जागांची मिळून ८० मिनिटे. त्यांतली ३० कॉफमन-रेनला, २४ ऑस्कर क्लफला, १६ डॅनियल जेकबसनला दिली तर १० उरतात, आणि ती थोड्या लहान चणीच्या फॉरवर्डसाठी ठेवता येतात. बाहेरच्या तीन जागांची १२० मिनिटे. स्मिथला ३४ आणि लॉयरला ३१ दिली की ५५ उरतात, आणि त्यांवर सी. जे. कॉक्स, गिकारी हॅरिस आणि इस्राएलहून आलेला ओमेर मायर अशा तिघांचा दावा. कॉक्सला २५ दिली तर उरलेल्या दोघांच्या वाट्याला प्रत्येकी १५. हे आकडे केवळ हिशेबाची पद्धत दाखवण्यासाठी आहेत, परंतु एवढे मांडले तरी कळते की मायरला २५ मिनिटे मिळायलाच हवीत असे म्हणणाऱ्याने ती दहा मिनिटे कोणाकडून काढायची हेही सांगणे भाग आहे. तेथे मात्र बहुतेक जण गप्प होतात.

पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाद होतो, ही आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. उंच खेळाडूंचे फाउल लवकर होतात. म्हणून तिसरा सेंटर कागदावर चैन वाटला तरी जानेवारीत तो गरजेचा ठरतो.

दोन उंच खेळाडूंना एकत्र खेळवावे की नाही, यावर इतके रण का माजले?

याचे मूळ २८ मार्च २०२५च्या रात्रीत आहे. इंडियानापोलिस येथे, म्हणजे जवळजवळ घरच्याच प्रेक्षकांसमोर, हंगामाअखेरच्या राष्ट्रीय बाद पद्धतीच्या स्पर्धेत पर्ड्यू आणि ह्यूस्टन यांचा सामना ६०-६० असा अडला होता. ह्यूस्टनच्या मिलोस उझानने बाजूरेषेबाहेरून चेंडू आत टाकला, जोसेफ टगलरकडून तो लगेच परत घेतला आणि रिंगखाली मोकळे जाऊन सोपा ले-अप केला. घड्याळात एक सेकंदही पूर्ण उरला नव्हता. पर्ड्यूचा हंगाम ६२-६० असा संपला.

त्या एका चालीवरून काही सिद्ध होत नाही; ती आखणीच सुंदर होती. पण ज्यांनी संपूर्ण हंगाम पाहिला होता त्यांना तिच्यात ओळखीची उणीव दिसली. ईडी गेल्यानंतर रिंगसमोर फटका अडवणारा माणूस पर्ड्यूकडे उरला नव्हता. ज्याच्याकडून ती अपेक्षा होती तो सात फुटांहून उंच जेकबसन हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात पाय मोडून बसला, आणि मूळचा फॉरवर्ड असलेल्या कॉफमन-रेनला वर्षभर सेंटर म्हणून स्वतःहून उंच खेळाडूंशी झुंजावे लागले. आक्रमणात त्याचा फायदा झाला, कारण जड सेंटर त्याच्या पावलांमागे पोहोचत नसत. बचावात आणि रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेला चेंडू पकडण्यात, त्याची किंमत चुकवावी लागली.

मग उन्हाळ्यात साउथ डाकोटा स्टेटहून क्लफ आला. हा ऑस्ट्रेलियन सेंटर रिबाउंड मिळवण्यात देशातील अव्वल खेळाडूंपैकी होता. आता दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की क्लफला मध्ये उभे करावे आणि कॉफमन-रेनला त्याच्या मूळ जागी पाठवावे. रिबाउंडचा प्रश्न एका फटक्यात सुटेल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की कॉफमन-रेन दुरून तीन गुणांचे फटके फारसे मारत नाही, क्लफही मारत नाही, आणि दोघे रिंगजवळ उभे राहिले तर स्मिथला आत घुसायला वाटच राहणार नाही. ज्या मोकळ्या जागेमुळे कॉफमन-रेन २० गुणांचा खेळाडू झाला, तीच आपण बुजवत आहोत, असा त्यांचा युक्तिवाद होता.

माझ्या मते दुसऱ्या बाजूची भीती रास्त होती, पण निष्कर्ष टोकाचा होता. कॉफमन-रेनला कोपऱ्यातला नेमबाज बनवण्याची आवश्यकताच नाही. रिंगपासून दहा-बारा फुटांवर चेंडू घेऊन हलकेच सोडायचा त्याचा फटका कोणत्याही संघाला अडवणे अवघड जाते, आणि तेथून क्लफला पासही देता येतो. शिवाय दोघांना एकत्र ठेवायचेच असले तर ते २० मिनिटे ठेवता येतात. ४० मिनिटांचा करार कोणी केलेला नसतो.

स्मिथला विश्रांती द्यायला हवी, असे वारंवार का म्हटले जाते?

सहा फूट उंचीचा हा खेळाडू २०२४-२५मध्ये सामन्यामागे सुमारे ३७ मिनिटे खेळला. त्या वर्षी तो बिग टेनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि देशातील सर्वोत्तम पॉइंट गार्डसाठी असलेला बॉब कूझी पुरस्कारही त्याला मिळाला. म्हणजे त्याला मैदानावर ठेवण्याचे कारण स्पष्ट होते. परंतु प्रत्येक चाल त्याच्याच हातून सुरू होत असल्यामुळे प्रतिस्पर्धी त्याला मैदानभर दाबत राहत. मायरला आणण्यामागे हाच विचार दिसतो की स्मिथ मैदानावर असतानाही काही चाली दुसऱ्याने सुरू कराव्यात. तीन मिनिटांची बाकावरची विश्रांती आणि आठ-दहा चालींची हातांना विश्रांती यांत दुसरी अधिक मोलाची आहे, असे मला वाटते.

बाहेरून आलेला खेळाडू जुन्यांच्या जागेवर बसतो, हे योग्य आहे का?

योग्य-अयोग्य यापेक्षा तो कोणती उणीव भरतो हे पाहावे. मार्च २०२३मध्ये त्याच राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकित पर्ड्यू १६व्या मानांकित फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असे त्याआधी एकदाच घडले होते. ईडीसमोर देशातला सर्वांत बुटका संघ उभा होता, तरी पर्ड्यूने १६ वेळा चेंडू गमावला आणि तीन गुणांच्या २६ फटक्यांपैकी पाचच बसवले. स्मिथ आणि लॉयर तेव्हा पहिल्या वर्षाचे होते आणि दोघांवरही भलता भार आला होता.

त्या उन्हाळ्यात सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स आला. जुन्या संघात तो मुख्य आक्रमक होता. येथे तो मागे बसेल, की स्मिथच्या हातातला चेंडू हिसकावेल, यावर चाहत्यांत पुष्कळ खल झाला. दोन्ही झाले नाही. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत वेगवान गार्डला अडवायचे, दबाव आला की चेंडू पलीकडे न्यायचा आणि मोकळा राहिल्यास न बिचकता फटका मारायचा, एवढे काम त्याने पत्करले. टेनेसीविरुद्ध डेट्रॉइटमधील सामन्यात ईडीने ४० गुण काढले, पण अखेरच्या तीन मिनिटांत जोन्सने मारलेला तीन गुणांचा फटका पर्ड्यूच्या कोणत्याही चाहत्याला आजही आठवतो. तो सामना ७२-६६ असा जिंकून पर्ड्यू १९८०नंतर प्रथमच अंतिम चारांत पोहोचला.

एखाद्या चांगल्या खेळाडूला वर्षभर न खेळवता ठेवतात, ते कशासाठी?

याला रेडशर्ट म्हणतात. खेळाडू संघाबरोबर सराव करतो, पण सामने खेळत नाही, आणि त्याचे खेळण्याचे एक वर्ष वाचते. पर्ड्यूत ही जुनी रीत आहे. कॉफमन-रेननेही पहिले वर्ष असेच काढले, कारण पुढे विल्यम्स आणि ईडी होते. जेकबसनचे वर्ष दुखापतीमुळे वाचले, हा निराळा प्रकार. हल्ली मात्र ही पद्धत दुर्मीळ होत आहे. बसवलेला मुलगा वसंत ऋतूत दुसरीकडे निघून जाऊ शकतो, म्हणून त्याच्यावर वर्षभर मेहनत घेण्याचे धाडस थोडेच प्रशिक्षक करतात.

सर्वांना सारखी मिनिटे देऊन वाद मिटवता येत नाही का?

हे करून पाहिले गेले आहे. २०१४-१५मध्ये केंटकीचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांच्याकडे इतके गुणी खेळाडू होते की त्यांनी पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या केल्या आणि त्या आलटून पालटून मैदानात उतरवल्या. कॅन्ससला त्यांनी ७२-४० असे हरवले. डिसेंबरमध्ये यूसीएलएविरुद्ध मध्यंतराचा गुणफलक ४१-७ होता. पण त्याच महिन्यात ॲलेक्स पॉयथ्रेसच्या गुडघ्याला गंभीर इजा झाली आणि दहाचे नऊ झाल्यावर तुकड्यांचे गणित बिघडले. संघ ३८ सामने सलग जिंकला आणि अंतिम चारांत विस्कॉन्सिनकडून ७१-६४ असा हरला. पुढे एनबीएचा तारा झालेला डेव्हिन बुकर त्या संघात राखीव होता आणि सामन्यामागे साधारण २१ मिनिटे खेळे, हे आज सांगितले तर नव्या प्रेक्षकांना खरे वाटत नाही.

उन्हाळ्यातील बातम्यांवर आणि प्रदर्शनीय सामन्यांवर किती विसंबावे?

बातम्यांवर जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यात प्रत्येक खेळाडूचे वजन योग्य दिशेने बदललेले असते, प्रत्येकाचा फटका सुधारलेला असतो आणि प्रत्येक नवा मुलगा जुन्यांना थक्क करत असतो. प्रशिक्षक कोणाचे कौतुक करतात यापेक्षा कोणत्या बाबतीत करतात, हे वाचावे. ‘तो बचावात सुधारला आहे’ या वाक्याचा अर्थ बहुधा असा असतो की मिनिटे त्यावर अवलंबून राहणार आहेत.

प्रदर्शनीय सामने थोडे अधिक सांगतात, फक्त निकाल विसरून पाहावेत. ऑक्टोबर २०२५मध्ये पर्ड्यू केंटकीच्या मैदानात असा एक सामना हरला आणि अव्वल क्रमांकाच्या संघाचे काही खरे नाही, अशी ओरड लगेच सुरू झाली. असे सामने हंगामाच्या नोंदीत धरले जात नाहीत आणि त्यांत प्रशिक्षक मुद्दाम नवनव्या जोड्या लावून पाहतात. त्या जोड्याच टिपून ठेवाव्यात.

कोणते आकडे पाहावेत?

सरासरी गुण सर्वांत कमी सांगतात. त्यापेक्षा वापराचे प्रमाण पाहावे, म्हणजे खेळाडू मैदानावर असताना संघाच्या किती टक्के चाली त्याच्या हातून संपतात. पाच जणांत वाटणी केली तर सरासरी २० टक्के येते. एकाचे ३० झाले की इतरांचे कमी होणे अटळ. दुसरा आकडा चाळीस मिनिटांमागच्या फाउलांचा, आणि तोही उंच खेळाडूंसाठीच. जोडीने खेळतानाचा गुणफरक उपयोगी असतो, पण जानेवारीपूर्वी त्यावर पैज लावू नये, कारण तोवर अनेक सामने दुबळ्या संघांशी झालेले असतात.

भूमिका आता पैशांवर ठरतात का?

जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, आणि जून २०२५मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठेही त्यांना थेट रक्कम देऊ शकतात. त्याच तडजोडीने संघाची कमाल संख्या १५ ठरवली. मोठी रक्कम देऊन आणलेल्या खेळाडूला बाकावर बसवणे प्रशिक्षकाला जड जाते, हे उघड आहे. पण हरणाऱ्या प्रशिक्षकाची खुर्चीच जाते, त्यामुळे हा संकोच डिसेंबरच्या पुढे क्वचितच टिकतो.

भारतातून सामने पाहायचे तर वेळ कोणती?

हिवाळ्यात वेस्ट लाफायेट आणि भारत यांच्यात साडेदहा तासांचे अंतर असते. तेथील संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. पर्ड्यूत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांत मराठी मुलेही आहेत, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या काही घरांत हा संघ मुलाच्या किंवा मुलीच्या निमित्ताने पोहोचला आहे. नवख्याने एका सामन्यात एकच गोष्ट पाहावी : पहिल्या बदलाला कोण आत आले आणि कोणाच्या जागी.

वाद अखेर केव्हा मिटतो?

बिग टेनचे बहुतेक सामने जानेवारीपासून सुरू होतात आणि तेव्हा प्रशिक्षक साधारणपणे आठ-नऊ जणांवर स्थिरावतात. त्यानंतर दहाव्या खेळाडूबद्दल बोलणारे चाहते हळूहळू कमी होत जातात, आणि हंगामाअखेर बदलीची यादी उघडली की त्यातले पहिले नाव पुष्कळदा त्याच दहाव्या खेळाडूचे असते.